रोममधे प्रायव्हेट वॉकिंग टूर : पैसे वसूल होतात का?

भिंगरी

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमधे आईबाबांना घेऊन रोमला जायचं नक्की झालंय, विमानाची तिकिटं काढून झालीत, हॉटेल टर्मिनी स्टेशनच्या जवळ घेतलंय. आता गाडी गाईडवर अडलीये. बसमधून पन्नास लोकं उतरतायत, पुढे छत्री उंच धरलेली बाई आणि आपण मागून पळतोय हा प्रकार नको असं बाबांनी आधीच सांगून टाकलंय. म्हणून फक्त आमच्यापुरता गाईड आणि पायी फिरणं असं बघतेय. नेटवर तीन तासांच्या टूरला दोनशे युरोपासून पुढे वाट्टेल ते आकडे दिसतायत, काहींमधे तिकिटं धरून, काहींमधे नाही, काहीजण माणशी सांगतात काहीजण सगळ्यांचे मिळून, डोकं गरगरायला लागलंय.

आईचा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर चालते व्यवस्थित, पण चढउतार आणि एका जागी बराच वेळ उभं राहणं जमत नाही. बाबा म्हणजे इतिहासवेडे, निघायच्या आधीच सगळं वाचून बसणार. त्यांना इंग्रजी कळतं, आईला भरभर बोललेलं कळत नाही.

ज्यांनी घेतलीये अशी टूर त्यांनी सांगा, खरंच फरक पडतो का? की ऑडिओ गाईड कानात घालून फिरलो तरी तेच?

तात्पुरता

स्पष्टच बोलतो, राग मानू नका. अजिबात गरज नाही. पॅन्थिऑनचं, म्हणजे चर्च झालेल्या जुन्या रोमन देवळाचं, तिकीट काढायचं, आत जायचं, मान वर करून घुमट बघायचा, खाली पाटी आहे ती वाचायची, झालं. रोमन फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, तर काम्पिदोल्यो टेकडीच्या मागच्या बाजूने वरून फुकटात दिसतो. बाकी चर्चमधे तिकीट नाही, गल्ल्यांना तिकीट नाही.

आणि हे गाईड लोक सांगतात काय? पियाझ्झा नवोनात त्या मोठ्या कारंज्यापाशी मी बसलो होतो तर एकामागून एक ग्रुप येतोय आणि प्रत्येक भाषेत तोच विनोद. बर्निनीने घडवलेला पुतळा हात वर करून बसलाय कारण समोरचं बोरोमिनीने बांधलेलं चर्च अंगावर कोसळेल अशी त्याला भीती वाटते, हा हा हा. गोष्टच खोटी आहे राव! कारंजं १६५१ ला पूर्ण झालं, चर्चचं काम सुरू झालं १६५२ ला, आणि बोरोमिनी त्या कामावर आला त्याच्याही नंतर. पैसे देऊन थापा कशाला ऐकायच्या?

दगडधोंडा

तात्पुरता, तारखा बरोब्बर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. हीच तर गाईड पारखायची जागा. आमच्या गाईड बाईंनी तीच गोष्ट मस्त रंगवून सांगितली, आम्ही हसलो, आणि मग शांतपणे म्हणाल्या की आता तारखा बघा. मग बर्निनी आणि बोरोमिनीचं खरं भांडण कशावरून होतं ते सांगितलं. पोपटपंची करणारा आणि शिकलेला यांच्यातला फरक तिथे कळतो.

भिंगरीताई, तुमच्या बाबांना त्या कारंज्यापाशी नक्की थांबवा. चार खंडांच्या चार नद्या आहेत, आणि आशियाची म्हणून आपली गंगा आहे, हातात लांबलचक वल्हं धरलेली. म्हणजे धरलेला, कारण बर्निनीने गंगेला दाढीवाला बाप्या केलाय. नाईलचं तोंड कापडाने झाकलंय कारण तिचा उगम कुठे आहे हे तेव्हा युरोपातल्या लोकांना माहीत नव्हतं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. तिथून दोनतीन मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. बाहेरून बघितलं तर आत जावंसं वाटणार नाही असं. आत डाव्या हाताला अगदी शेवटच्या कोपऱ्यात काराव्हाज्जोची तीन चित्रं. लोकं येतात, मोबाईल वर करतात, क्लिक, चालले. आमच्या बाईंनी आम्हाला 'सेंट मॅथ्यूला बोलावणं' या एका चित्रासमोर इतका वेळ उभं केलं की मी घड्याळ बघायला लागलो होतो, आणि मग हळूहळू ते चित्र उघडायला लागलं. टेबलाभोवती माणसं बसलीत, पैसे मोजतायत. उजवीकडून येशू येतो आणि हात पुढे करतो. चित्रात खिडकी आहे पण उजेड त्या खिडकीतून येतच नाही, तो येतो वरून उजवीकडून. बाई म्हणाल्या आता चित्र सोडा आणि उजवीकडे वर बघा. तर तिथे चॅपलची खरीखुरी खिडकी! म्हणजे भिंतीवर चित्र कुठे लागणार आणि उजेड कुठून येणार हे धरून त्याने रंगवलंय. मग विचारलं, यातला मॅथ्यू कोण? दाढीवाला बोट दाखवतोय, पण ते स्वतःकडे की शेजारी मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या पोराकडे? यावर जाणकार अजून भांडतात म्हणे. आमच्यात पण जुंपली, बायकोचं म्हणणं पोरगाच. ऑडिओ गाईड हे सगळं कदाचित सांगेल, पण तुम्ही काय म्हणालात ते ऐकून पुढचं वाक्य बदलणार नाही.

अवांतर: तिथे दिवा लावायला पेटीत नाणं टाकावं लागतं, सुटे ठेवा. दुसरा कोणी टाकेल म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत अंधारात उभे असतात, फार करमणूक होते.

गोगलगाय

दगडधोंडा यांना +१.

भिंगरी, तुझी आई म्हणजे माझ्याच वयाची असेल, मलाही गुडघ्याचा त्रास आहे म्हणून सविस्तर लिहिते. प्रायव्हेट गाईडचा सगळ्यात मोठा फायदा ज्ञान वगैरे नंतर, आधी हा की तो थांबतो. मोठ्या ग्रुपमधे आपल्याला बसायचं असेल तर ग्रुप पुढे निघून जातो. आपला स्वतःचा गाईड असला की म्हणायचं, बाबा रे मला आता बसून ऐकायचंय. चर्चमधे बाकं असतात, तिथे बसवून हळू आवाजात सांगतात, फक्त मास म्हणजे प्रार्थना चालू असेल तर गाईडला बोलता येत नाही.

बुक करताना गुडघ्याबद्दल आधीच लिही. नुसतं 'वयस्कर आईवडील' असं लिहू नकोस, त्यातून त्यांना काही बोध होत नाही. 'एका जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, जिने कमीत कमी हवेत, स्वच्छतागृह कुठे कुठे आहे ते माहीत हवं' असं नेमकं लिही. त्यावर काय उत्तर येतं त्यावरूनच माणूस कळतो. एकाने मला नुसतं 'नो प्रॉब्लेम मॅडम' कळवलं, त्याला नमस्कार केला. दुसरीने विचारलं की तुम्हाला कोबल्सवर, म्हणजे दगडी फरसबंदीवर चालायची सवय आहे का, काठी वापरता का, हॉटेल कुठे आहे, आणि मग दोन रस्ते सुचवले. तिला घेतलं.

रोमचे ते काळे दगडी चौकोन पायाला फार लागतात, मधल्या फटीत टाच अडकते. जाड तळव्याचे, वापरून सैल झालेले बूटच हवेत, नवे कोरे नकोत.

तात्पुरता

गोगलगाय काकू, तुमचा मुद्दा मान्य, गुडघ्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. पण दोनशे युरोत तीन माणसं किती वेळा टॅक्सीने फिरतील त्याचाही हिशोब करा की.

उनाड

मी इथे वेगळा सूर लावतो. आम्ही एका कंपनीतून बुक केलेली, नाव लिहीत नाही. साईटवर एका गाईडचा फोटो, भरपूर कौतुक, आर्किऑलॉजीची पदवी वगैरे. सकाळी भेटीच्या जागी आला दुसराच माणूस, म्हणे ती आज बिझी आहे. ठीक आहे, म्हटलं असेल. तर हा गडी अर्धा वेळ फोनवर, त्रेवी कारंज्यापाशी 'तुम्ही फोटो काढा मी इथेच आहे' म्हणून गायब, आणि शेवटी चामड्याच्या दुकानात, 'माझ्या मित्राचं दुकान आहे, फक्त बघा'. तिथे गेलेला वेळ आमच्याच तासांतला बरं का. नंतर कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की गाईड बदलण्याचा हक्क राखून ठेवलेला आहे, अटी वाचा.

सांगायचा मुद्दा, 'प्रायव्हेट' या शब्दाला भुलू नका. प्रायव्हेट म्हणजे बाकी गिऱ्हाईकं नसतात एवढंच, माणूस चांगला मिळेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

चष्मिश

बापरे उनाड. मग लायसन्स वगैरे काही असतं का गाईडला इटलीत? की कोणीही उठून गाईड होतं?

दगडधोंडा

असतं. इटलीत गाईडचं काम परवान्याशिवाय करता येत नाही, परीक्षा असते आणि फोटोवालं ओळखपत्र मिळतं, ते गळ्यात असतं किंवा मागितल्यावर दाखवतात. आधी हा सगळा कारभार प्रांतांकडे होता, २०२३ च्या कायद्याने देशभराची एकच परीक्षा आणि पर्यटन मंत्रालयाची एकच यादी असं केलंय. त्यामुळे कोणी 'लोकल फ्रेंड', 'स्टोरीटेलर' असल्या गोड नावाने टूर विकत असेल तर सरळ विचारा की तुम्ही परवानाधारक गाईड आहात का. टूर लीडर म्हणजे ग्रुपला इकडून तिकडे नेणारा, तो वेगळा. कोलोसियममधे किंवा म्युझियममधे जाऊन समजावून सांगायचं ते गाईडनेच.

उनाडच्या अनुभवावर उपाय म्हणजे मधे कंपनी न ठेवता थेट गाईडशी बोलायचं. बऱ्याच गाईडांची स्वतःची साईट असते. मोठ्या प्लॅटफॉर्मवरून घेतलं तर त्यांचा कट जातोच. आणि कंपनीतूनच घ्यायचं असेल तर गाईडचं नाव मेलवर लिहून घ्या, आणि 'दुकानात जायचं नाही' हे पण. हे लिहायला लाजू नका, चांगल्या गाईडला त्याचा राग येत नाही.

भिंगरी

बाप रे किती माहिती! सगळ्यांना धन्यवाद. उनाड, तुमचं वाचून धास्तीच घेतली. 

आता पुढचा प्रश्न. गाईड एकदाच परवडणारे, तेही अर्धा दिवस. मग तो कुठे वापरू? कोलोसियम आणि फोरमला, व्हॅटिकनला, की नुसतं जुन्या शहरात गल्ल्यांमधून? बाबांचं मत कोलोसियम, मला वाटतंय गल्ल्या.

मोगरा_रोमकर

बरीच वर्षं रोममधे राहून आलेय म्हणून लिहिते. 

कोलोसियमला गाईड नसला तरी चालतं. भव्यता डोळ्यांना दिसते, आतमधे फलक चांगले आहेत. तिकीट फक्त अधिकृत साईटवरून काढा, अठरा युरोच्या साध्या तिकिटात फोरम आणि पॅलाटिन टेकडी धरलेली असते. तारखेच्या तीस दिवस आधी विक्री उघडते आणि सोयीच्या वेळांची तिकिटं भराभर जातात. तिकिटावर नाव असतं, २०२३ पासून हे केलंय कारण दलाल घाऊक तिकिटं उचलायचे, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा आणि स्पेलिंग नीट टाका. बाहेर उभे असलेले 'स्किप द लाईन' वाले काय म्हणतील ते म्हणोत, सिक्युरिटीची रांग कोणालाच चुकत नाही.

फोरम मात्र उलट. तिथे गाईड नसेल तर तो नुसता फुटक्या दगडांचा पसारा आहे, खरंच सांगते. तीन खांब उभे, कुठलं देऊळ, कुठलं कोर्ट, काय कधी कशावर बांधलं, काही लागत नाही. पण आईंच्या गुडघ्यासाठी आतला रस्ता अवघड आहे, मोठमोठे उंचसखल दगड आहेत. 

यावर तोड म्हणजे तात्पुरता म्हणाले ती काम्पिदोल्योची मागची बाजू. गाईडला तिथे न्या. वरून अख्खा फोरम समोर पसरलेला असतो, कठड्याला टेकून उभं राहता येतं, आणि तो तिथून एकेक जागा दाखवत सगळी गोष्ट सांगू शकतो. मुसोलिनीने १९३२ मधे मधून सरळ रुंद रस्ता काढला तो पण सांगेल, त्याने काय काय गाडलं गेलं ते. मग बाबा नंतर एकटे आत उतरून हवं तितकं फिरू देत, तेव्हा तुम्ही आणि आई कुठेतरी बसा. वरपर्यंत टॅक्सीने जा, चौकाकडे चढणारा तो मोठा उतार पायी नको.

चष्मिश

आणि व्हॅटिकन?

मोगरा_रोमकर

व्हॅटिकनचं गणित वेगळंय. सिस्टिन चॅपलमधे गाईडला बोलायलाच परवानगी नाही. म्हणून सगळे गाईड आधी बाहेरच, अंगणात फलक लावलेत तिथे उभं राहून छताचं चित्र समजावतात, आणि मग आत आपण आपलं आठवत बसायचं. आत पहारेकरी मधूनमधून 'सिलेन्झिओ' म्हणून ओरडतात, शांततेचा भंग सगळ्यात जास्त तेच करतात. फोटो बंद. गर्दी म्हणजे काही विचारू नका, खांद्याला खांदा लावून सरकत राहायचं, तिथे तासाला पैसे मोजून गाईड घेतला तरी बराचसा वेळ सरकण्यातच जातो.

एक फायदा आहे. चॅपलमधून उजव्या हाताचं एक दार थेट सेंट पीटर्सकडे उघडतं, ते गाईडसोबतच्या ग्रुपसाठी असतं, त्याने बाहेरून मोठा वळसा आणि पुन्हा रांग वाचते. पण ते दार कधीही बंद ठेवतात, त्यामुळे कोणी शंभर टक्के हमी देत असेल तर समजून जा. रविवारी म्युझियम बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार उघडं आणि फुकट, त्या दिवशी चुकूनही जाऊ नका. आईंसाठी व्हीलचेअर तिथे मिळते, आधी विचारून ठेवा.

माझं मत, गाईड जुन्या शहरात वापरा.

उनाड

हो, गल्ल्यांनाच माझं पण मत. त्या दिवशी आमचा गडी गायब झाल्यावर आम्ही आपले भटकत पास्क्विनोपर्यंत पोचलो. नवोनाच्या मागेच आहे, कोपऱ्यावर एक नाक तुटलेला, हात नसलेला पुतळा, अंगाखाली कागद चिकटवलेले. मला वाटलं जाहिराती आहेत. नंतर वाचलं की हा रोमचा बोलका पुतळा, १५०१ पासून तिथे उभा आहे आणि लोक रात्री येऊन पोपवर, कार्डिनलांवर टोमणे लिहून त्याला चिकटवायचे, कोणी लिहिलं ते कळायचं नाही. अजूनही चिकटवतात. गाईड असता तर निदान त्या दिवशी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं असतं, आम्ही तिथे ठोंब्यासारखे उभे.

दगडधोंडा

उनाड, त्यातला सगळ्यात गाजलेला टोमणा पॅन्थिऑनच्या संदर्भात आहे. पोप आठवा अर्बन, घराणं बार्बेरिनी. याने पॅन्थिऑनच्या व्हरांड्याच्या छताचं ब्राँझ काढून वितळवलं, बरंचसं तोफांसाठी. त्यावर चिठ्ठी लागली, जे बर्बरांनी केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं. लॅटिनमधे अजून चपखल बसतं. आता बघा, पॅन्थिऑन, पास्क्विनो, नवोना, काराव्हाज्जो, सगळं पायी पंधरा मिनिटांच्या आत. चांगला गाईड ही एक चिठ्ठी पकडून तुम्हाला एकातून दुसरीकडे घेऊन जातो, तुम्हाला वाटतं आपण नुसते रमतगमत चाललोय. पाट्या वाचून ते होत नाही.

पॅन्थिऑनमधे बाबांना सांगा की उंची आणि घुमटाची रुंदी सारखीच आहे, सुमारे ४३ मीटर, आणि खालच्या फरशीत बारीक भोकं शोधा, वरच्या उघड्या गोलातून पाऊस आत येतो त्याचं पाणी तिथून जातं. दारावर अग्रिप्पाचं नाव कोरलंय पण आत्ताची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, म्हणजे नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं. हे आधी वाचून येणाऱ्या माणसाला सुद्धा प्रत्यक्ष उभं राहून ऐकायला मजा येते.

गोगलगाय

मी एक जागा सुचवते जी कोणीच लिहिली नाही. घेट्टो. १५५५ मधे पोपच्या हुकुमाने ज्यू लोकांना नदीकाठच्या एवढ्याशा भागात कोंडलं, रात्री दारं बंद, आणि कायद्याने ते संपलं १८७० मधे. आज सुंदर वस्ती आहे, लोक जेवायला जातात आणि निघून येतात. आमची गाईड आम्हाला एका घराच्या दारात घेऊन गेली आणि खाली बघा म्हणाली. फरशीत पितळेचे छोटे चौकोन बसवलेले, प्रत्येकावर नाव, जन्मसाल, कधी पकडलं, कुठे मारलं. एकाच दारासमोर एका घरातली कितीतरी, त्यात लहान मुलंही. १६ ऑक्टोबर १९४३ ला पहाटे जर्मनांनी धरपकड केली, हजाराहून जास्त लोकांना आउशवित्झला पाठवलं, त्यातले परत आले सोळा. ती हे सांगताना काही नाट्य करत नव्हती, नावं वाचत होती फक्त. मी त्याच गल्लीतून आदल्या दिवशी गेले होते आणि त्या पितळेवर पाय ठेवून गेले असणार.

आणि ती म्हणाली की फोरममधल्या टायटसच्या कमानीवर जेरुसलेमच्या देवळातून लुटून आणलेला सात फांद्यांचा दिवा कोरलाय, तो बघून मग इथे यायला हवं. वाट सपाट आहे, बसायला बाकं आहेत. बाबांना आवडेल. 

तात्पुरता

काकू, हे वाचून मात्र गप्प बसलो. घेट्टोत मी फक्त जेवून आलोय.

पण पैशाचं कोणीतरी नीट सांगा ना, तिला तेच तर विचारायचंय.

मोगरा_रोमकर

हो ते राहिलंच. प्रायव्हेट गाईडचे पैसे साधारण ग्रुपचे असतात, माणशी नाही. तीन असोत की पाच, आकडा तोच. कोणी माणशी सांगत असेल तर ती बहुतेक छोट्या ग्रुपची टूर असते, नीट वाचा. तीन तासांना दोनशेच्या आसपास हे ठीकच आहे. तिकिटं वेगळी की धरून, हे विचारायचंच, कारण धरून म्हणणारे कधी कधी अठराचं तिकीट बरंच चढवून लावतात. तुमची तिकिटं तुम्ही काढा, परवानाधारक गाईडला सरकारी ठिकाणी स्वतःचं तिकीट लागत नाही. ॲडव्हान्स थोडा ठीक आहे, पूर्ण रक्कम आधी मागत असतील तर रद्द केल्यावर काय परत मिळतं ते लेखी घ्या. टिपची सक्ती नाही, आवडलं तर द्या.

आणि भाषेचं. आईंना भरभर इंग्रजी कळत नाही म्हणालात तर तुम्ही मधे बसून सांगणार, म्हणजे तीन तासांतला बराच वेळ तुमचाच जाणार. हे गाईडला आधी कळवा, म्हणजे तो गोष्टी कमी करेल. सहा ठिकाणं ठरवली असतील तर चारच ठेवा. आणि दोनचार वाक्यांनी थांबायला सांगा, त्यांना सवय असते.

चष्मिश

मी पण हेच लिहिणार होते, आमच्या सासूबाईंसोबत असंच झालं, गाईड एका दमात पाच मिनिटं बोलायचा आणि मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचे 'हे खूप जुनं आहे'. 😀 

सांत इन्यात्सिओ पण टाका यादीत. घुमट बांधायचा राहिला म्हणून १६८५ मधे पोझ्झो या चित्रकाराने सपाट कापडावर खोटा घुमट रंगवून वर लावलाय, फरशीवर खूण आहे तिथे उभं राहिलं की खरा वाटतो, चार पावलं पुढे गेलं की सगळा वाकडा होतो. भाषा कळली नाही तरी मजा येते. सासूबाई तीनदा मागेपुढे करून आल्या. हल्ली तिथे आरसा ठेवलाय आणि सेल्फीवाल्यांची रांग असते, त्या रांगेत उभं राहू नका, खूण त्याच्याशी संबंधित नाही.

भिंगरी

चष्मिश 😀 माझं पण हेच होणार आहे.

बरं, तर मग असं धरते, काम्पिदोल्यो वरून फोरम, मग घेट्टो, मग पॅन्थिऑन, काराव्हाज्जो, नवोना आणि पास्क्विनो. सकाळी साडेनवाला सुरू केलं तर होईल का? बाबांना फोरमचं वाचून दाखवलं तर कोलोसियमचा हट्ट सोडायला तयार झालेत, पण सान क्लेमेंते कुठे आहे ते विचारतायत, कुठेतरी वाचलंय त्यांनी.

दगडधोंडा

बाबांना माझा नमस्कार सांगा, जाणकार माणूस. सान क्लेमेंते कोलोसियमच्या पलीकडे, पायी दहाएक मिनिटं. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली रोमन घरं आणि मिथ्र देवाची जागा, आणि तळाशी कुठून तरी वाहत्या पाण्याचा आवाज येतो. आयरिश पाद्र्यांच्या ताब्यात आहे, त्यातल्याच एकाने १८५७ मधे खणायला सुरुवात केली आणि हे सापडलं. मधल्या मजल्यावर एका भित्तिचित्रात माणसांच्या तोंडी चक्क शिव्या लिहिल्यात, अकराव्या शतकातल्या, लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत. पण जिने आहेत, ओलसर आहेत, आईंना नको. बाबांना एकट्याला दुसऱ्या दिवशी पाठवा, गाईड लागत नाही.

तुमचा रस्ता चांगला आहे पण थोडा उलटा करा. रोमची बरीच चर्चेस दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती तीनसाडेतीनच्या पुढे उघडतात. तुम्ही सान लुईजी शेवटाकडे ठेवलंत तर दार बंद मिळेल. म्हणून नवोनाकडून सुरू करा, काराव्हाज्जो, मग पॅन्थिऑन, आणि घेट्टो शेवटी, ते गल्लीतच आहे, त्याला दार नाही. काम्पिदोल्यो संध्याकाळी ऊन उतरल्यावर तुमचं तुम्ही करा, किंवा गाईडला अर्धा तास वाढवून मागा.

तात्पुरता

आणि लार्गो अर्जेंतिना वाटेतच येतं, पॅन्थिऑनवरून घेट्टोकडे जाताना. सीझरचा खून झाला ती सभा तिथेच भरलेली, २०२३ पासून आत फिरायला वाट केलीये पण वरून रस्त्यावरूनच सगळं दिसतं आणि फुकट. मांजरं पण आहेत, आईंना आवडत असतील तर. बघा, मी पण गाईड झालो.

उनाड

आता तुम्हाला पण परवाना लागेल 😀

गोगलगाय

घेट्टोत संपवणार असशील तर परत यायचं आधी ठरवून ठेव, आई तोवर दमलेली असेल. लार्गो अर्जेंतिनाला टॅक्सी स्टँड आहे, तिथपर्यंत पाचसात मिनिटं सपाट रस्ता. टर्मिनीसाठी तिथूनच ४० आणि ६४ नंबरची बस जाते पण ६४ पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे आणि गर्दीत आईला उभं राहावं लागेल, त्यापेक्षा टॅक्सीच घे, मीटरवर चालते. रस्त्यात पाणी विकत घेऊ नकोस, जागोजागी लोखंडी नळ आहेत, वाकडी चोच असलेले, पाणी सतत चालू असतं आणि चांगलं असतं. चोचीला खालून बोट लावलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं, वाकायला नको, गुडघ्याला बरं.